चाकणला नोकरी, मग घर कुठे? परदेशी कुटुंबांसाठी पुण्यातला भाग निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी एचआरला आहे. जूनपासून तीन वर्षांसाठी तीन परदेशी कुटुंबं येताहेत. एक जर्मन कुटुंब, मुलं 7 आणि 11 वर्षांची. एक जर्मन जोडपं, मुलं नाहीत. आणि एक जपानी जोडपं, दहा महिन्यांचं बाळ घेऊन. आमचे साहेब म्हणतात, सगळ्यांना कोरेगाव पार्कात ठेवा. एजंट म्हणतो बालेवाडी. ड्रायव्हर म्हणतो मोशी. कुणाचं ऐकू?

तिघांपैकी ड्रायव्हरचं उत्तर सगळ्यात प्रामाणिक आहे, कारण नाशिक फाट्याला गाडी त्यालाच काढायची आहे. पण त्याचंही ऐकू नका. साहेबांनी नाव बघितलं, एजंटाने दलाली बघितली, ड्रायव्हरने अंतर बघितलं. त्या घरात दिवसभर राहणार कोण, हे कुणीच विचारलेलं नाही.

परदेशी कुटुंबांना पुण्यात घर शोधून द्यायचं काम मी वीसेक वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

तुमचा जर्मन इंजिनिअर सकाळी साडेसातला मागच्या सीटवर बसणार, मोशी येईपर्यंत मेल संपवणार आणि रात्री आठला घरी येणार. त्याचं पुणे म्हणजे गाडीची काच. पुण्यात खरी राहणार ती त्याची बायको, आणि सोबत येणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर तिला इथे नोकरी करता येत नाही. तिकडे ती शिक्षिका असेल, आर्किटेक्ट असेल. इथे पहिले सहा महिने ती फक्त अमक्याची मिसेस असते. घर चुकलं की आधी ती गप्प होते. मग तो इंजिनिअर मुदतीआधी परत जायची परवानगी मागतो, आणि तुमच्या टेबलावर जो कागद येतो त्यात कारणाच्या जागी ‘कौटुंबिक’ एवढा एकच शब्द असतो. कोणत्या चौकात, कोणत्या बसमध्ये ते कारण जन्माला आलं, ते कागदावर येत नाही.

आता ड्रायव्हरचं गणित तपासू. कोरेगाव पार्कहून विश्रांतवाडी, दिघी, मोशी करत चाकण एमआयडीसी, किंवा बाणेरहून औंध, जगताप डेअरी, नाशिक फाटा करत चाकण: दोन्ही 30 किलोमीटरच्या आसपास. सकाळी सव्वा तास धरा, वाईट दिवशी दोन. शेवटी चाकणच्या तळेगाव चौकात सगळे एकाच रांगेत उभे राहतात, बंगलेवालेही आणि चाळवालेही. म्हणजे बापाच्या प्रवासावर पूर्व की पश्चिम हे ठरतच नाही. ते ठरतं मुलांच्या शाळेवर.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतोय. 2011 साली एका कुटुंबाला मी कोरेगाव पार्कात फारच देखणं घर दिलं. वडाच्या झाडांखालची गल्ली, समोर जुना बंगला, बाईंना बघताक्षणी आवडलं. मुलगा सहा वर्षांचा, शाळा हिंजवडीच्या बाजूला. मी म्हटलं, बस आहे ना! सकाळी पावणेसातला निघालेला तो पोरगा संध्याकाळी पाचला परत यायचा, आठवड्यातून दोनदा बसमध्ये उलटी करून. पाचव्या महिन्यात ते बाणेरला राहायला गेले, लॉक-इनचे, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडल्याचे, पैसे कंपनीने भरले आणि त्या कंपनीचं पुढचं काम दुसऱ्या कन्सल्टंटला गेलं. योग्यच झालं.

परदेशी कुटुंबाच्या दृष्टीने पुणे ही दोन शहरं आहेत. पूर्वेला कोरेगाव पार्क, बोट क्लब रोड, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी, मगरपट्टा. पश्चिमेला औंध, बाणेर, बालेवाडी, पाषाण, बावधन आणि नदीपलीकडे वाकड. मधे नद्या, खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंट, स्टेशन आणि विद्यापीठ चौक. त्या चौकातला जुना उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला तेव्हापासून तिथून गेलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिका 2024 मध्ये पूर्ण झाल्या. हिंजवडी ते शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची तिसरी मार्गिका बाणेर-बालेवाडीवरून जाते. परदेशी साहेब मेट्रोने कामाला जात नाही, हे खरं. पण त्याच्याकडे काम करणाऱ्या मावशी जातात, आणि मावशी वेळेवर आल्या तर घर चालतं. तेव्हा स्टेशनही बघा. नियम मात्र एकच ठेवा: कुटुंबातल्या कुणालाही रोज पूर्वेकडून पश्चिमेला जायला लागता कामा नये. बापाला लागलं तर लागू द्या, त्याला गाडी आणि ड्रायव्हर आहे.

म्हणून पहिल्या जर्मन कुटुंबासाठी क्रम उलटा करा. आधी शाळा, मग घर. हिंजवडी फेज 1 मधली महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल (जुने लोक अजून मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनलच म्हणतात, 1998 ची आहे), भुकूमची इंडस इंटरनॅशनल, पूर्वेला विमाननगरची सिंबायोसिस इंटरनॅशनल, खराडीची व्हिक्टोरियस किड्स. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शाळेला ही कुटुंबं प्राधान्य देतात, कारण तीन वर्षांनी बदली शांघायला झाली तरी अभ्यासक्रम तोच मिळतो. प्रवेश पक्का झाल्याचा मेल येईपर्यंत एकही घर दाखवू नका. दाखवलंत की ते एखाद्या बाल्कनीच्या प्रेमात पडतात आणि मग शाळा बाल्कनीच्या मागे धावते. प्रवेश झाला की शाळेच्या वाहतूक विभागाला एक फोन करा: या सोसायटीतली मुलं बसमध्ये पहिल्यांदा चढतात की शेवटी? एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत या एका गोष्टीने पाऊण तासाचा फरक पडतो. ब्रोशरमध्ये हे कधीच नसतं.

शाळा हिंजवडीची मिळाली तर बाणेर, बालेवाडी किंवा औंध. या तिघांना लोक एका दमात एकच समजतात, तसं नाही. औंध जुनं, मुरलेलं. डीपी रोडला स्मार्ट सिटीच्या कामात रुंद पदपथ झाले. पुण्यात बाबागाडी ढकलत सलग अर्धा किलोमीटर चालता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक. इमारती जुन्या, लिफ्ट लहान, पार्किंगवरून कटकट, पण झाडं आहेत आणि कोपऱ्यावर दुकानं आहेत. बाणेरचा मुख्य रस्ता म्हणजे निव्वळ ताप, पण आतल्या गल्ल्या, विशेषतः पाषाण-बाणेर लिंक रोडच्या बाजूच्या, राहायला चांगल्या. बालेवाडीत घरं नवी, मोठी, गॅलरीसह. हाय स्ट्रीटवर संध्याकाळी परदेशी कुटुंबाला ओळखीचं वाटेल असं खाणंपिणं आहे, शिवछत्रपती क्रीडासंकुल जवळ आहे. उणी बाजू म्हणजे शेजारच्या प्लॉटवर अजून खोदकाम सुरू असतं आणि काँक्रीटचे मिक्सर रात्रभर फिरतात. तिथे घर घेताना खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक मोकळ्या जागेबद्दल विचारा: इथे काय येणार आणि कधी. ‘इथे काहीच येणार नाही’ हे उत्तर पुण्यात कुणी दिलं तर ते खोटं समजा.

पश्चिमेचा आणखी एक फायदा कुणी मोजत नाही. लोहगाव विमानतळाला 2024 मध्ये नवं टर्मिनल मिळालं खरं, पण युरोपची माणसं बहुतेक मुंबईलाच उतरतात, तेही मध्यरात्री. एक्सप्रेसवे उतरल्यावर वाकड-बाणेर समोरच येतं. झोपलेली दोन मुलं आणि आठ बॅगा घेऊन पहाटे पुणं आडवं कापावं लागत नाही.

वाकड आणि पिंपळे निलखही चालतील. पिंपरी-चिंचवडचे रस्ते पुण्यापेक्षा रुंद आहेत, हे पुणेकराने मान्य करायला जड जातं, पण आहेत. फक्त तिथे 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. त्यामुळे सोसायटीची साठवण किती, हा प्रश्न पहिला.

मोशी, चिखली, तळेगाव: एकटा माणूस असेल तर जरूर. कुटुंबासाठी नको. तळेगाव गाव म्हणून छान आहे, हवा छान आहे, पण संध्याकाळी सहानंतर त्या बाईंनी करायचं काय?

आता साहेबांचं कोरेगाव पार्क. नावाला कारण आहे. 1974 मध्ये रजनीश आश्रम तिथे आला, मागोमाग परदेशी लोक आले, त्यांच्यासाठी बेकऱ्या, कॅफे, योग आणि मसाजची दुकानं आली. जर्मन भाषा-संस्कृतीचं केंद्र असलेलं मॅक्सम्युलर भवन जवळच, बोट क्लब रोडला. रूबी हॉल आणि जहांगीर ही हॉस्पिटलं दहा-पंधरा मिनिटांवर, कॅम्पातलं दोराबजीचं दुकान हाताशी. परदेशी माणूस दिसला म्हणून गल्लीतलं कुणी वळून बघत नाही, ही सोय लहान नाही. पण त्याच भाड्यात बाणेरला एक खोली जास्त मिळते, नॉर्थ मेन रोडवर शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत हॉर्न असतात, आणि चांगल्या गल्ल्यांतली घरं जुनी असतात. जुनी म्हणजे वायरिंग जुनं, ड्रेनेज जुनं, आणि मालक दुबईला. तुमच्या मुलं नसलेल्या जर्मन जोडप्यासाठी मात्र हाच भाग पहिला दाखवा. साहेबांचं एक तृतीयांश बरोबर आहे, असं त्यांना सांगा. शक्यतो ईमेलवर सांगू नका.

भाग ठरला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सोसायटी. इथे सगळ्यात आधी पाणी. 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यात सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली. पत्त्यावर ‘पुणे’ आलं, नळाला पाणी तितक्या लगेच आलं नाही. टँकर किती येतात हे एजंटाला विचारू नका, चेअरमनलाही नको. गेटवरच्या वॉचमनला विचारा, काल किती टँकर आले? त्याच्याकडे वही असते. मे महिन्यात विचारलंत तर उत्तम. जूनमध्ये घर दाखवलं की सगळ्या सोसायट्या पाणीदार दिसतात. दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद राहतं, हे आपल्या अंगवळणी पडलंय, पण ज्याने आयुष्यात नळ कोरडा बघितला नाही त्याला आधी सांगावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा मला तीन कंपन्यांच्या युरोपातल्या मुख्यालयांतून आठवड्याभरात फोन आले: आमच्या लोकांच्या इमारतीच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? दोन सोसायट्यांकडे कागदच नव्हता. तेव्हापासून टाकी धुतल्याची तारीख आणि पाण्याचा अहवाल मागितल्याशिवाय मी करारापर्यंत जात नाही.

‘रिव्हर व्ह्यू’ या शब्दावर परदेशी माणूस भाळतो, कारण त्याच्या डोक्यात ऱ्हाईन असते. आपली मुळा-मुठा उन्हाळ्यात वास देते, जलपर्णीवर डास पोसते आणि पावसाळ्यात घरात येते. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घराघरांत पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी बघितलं. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा, आणि नदीकाठच्या इमारतीत तळघरातलं पार्किंग आणि जनरेटर कुठे आहे तेही. बाराव्या मजल्यावरचा माणूस बुडत नाही, त्याची लिफ्ट बुडते.

नदीकाठाचा दुसरा त्रास आवाजाचा. मुंढवा, केशवनगर, एरंडवण्याचा डीपी रस्ता, जिथे जिथे लॉन्स आणि मंगल कार्यालयं आहेत तिथे लग्नसराईत खिडक्या थरथरतात. गणपतीच्या आधी दोनेक महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, बऱ्याचदा नदीपात्राजवळच. मला स्वतःला तो आवाज ऐकून बरं वाटतं, पण दहा महिन्यांच्या बाळाच्या आईला ते कसं समजावणार? आणि विमाननगर, कल्याणीनगर बघत असाल तर लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे हे विसरू नका. सुखोई उडालं की झूम मीटिंग थांबते.

म्हणून मी कोणतंही घर तीन वेळा बघतो: सोमवारी सकाळी साडेआठला, मधल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी रात्री साडेदहाला. एजंट रविवारी सकाळी अकराला दाखवतो, जेव्हा सगळं पुणं पोहे खात असतं आणि रस्ते मोकळे असतात.

आणखी एक परीक्षा माझी स्वतःची. घर बघून झालं की मी बाईंना शंभराची नोट देतो आणि सांगतो, एकट्याने चालत जाऊन सहा अंडी आणा. मी खाली थांबतो. वाटेत पदपथ आहे का, रस्ता ओलांडता येतो का, कुत्री भुंकतात का, वाणी हसतो का, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत कळतं. एकदा एक जपानी बाई अंडी, कोथिंबीर आणि वाणीणबाईंनी फुकट दिलेल्या कढीपत्त्यासह परत आल्या. पाषाणचं ते घर इमारत म्हणून साधंच होतं. त्या तिथे चार वर्षं राहिल्या. उलट एका चकाचक टाउनशिपमधून एक बाई पाच मिनिटांत रिकाम्या हाताने परत आल्या, कारण फाटकाबाहेर पाऊल ठेवायला जागाच नव्हती, सरळ हायवे.

सोसायटीच्या नियमांचं थोडक्यात. कुत्रा आणणार असतील तर तसं लेखी घ्या. मांसाहाराबद्दल मालक तोंडी ‘नो प्रॉब्लेम’ म्हणतो आणि शेजारी प्रॉब्लेम असतो. पोहण्याचा तलाव एप्रिलमध्ये पाणीटंचाईने बंद होतो का, ते विचारा, कारण नेमका तेव्हाच तो हवा असतो. गेटवरचं ॲप आणि इंटरकॉम कुणाच्या फोनवर जोडणार हेही आधीच ठरवा. वॉचमन हिंदीत विचारतो, ‘मॅडम, पार्सल आया है, भेजूँ क्या?’ आणि मॅडम घाबरून फोन ठेवतात. असा महिना गेला की त्यांना वाटतं सगळी इमारत आपल्यावर चिडली आहे.

कागदपत्रांत एजंट नेहमी अळंटळं करतो ती जागा म्हणजे सी फॉर्म, परदेशी भाडेकरूची सरकारला द्यायची माहिती. परदेशी माणूस राहायला आल्यापासून 24 तासांच्या आत मालकाने तो ऑनलाइन भरायचा असतो. काही मालक याच भीतीने परदेशी भाडेकरू नको म्हणतात, काही जण हो म्हणून भरत नाहीत, आणि मग परदेशी नागरिक म्हणून करायची सरकारी नोंदणी अडते. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची असते, तेव्हा फॉर्म भरतानाच मी मालकाच्या शेजारी बसतो. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. परदेशी पाहुण्याकडे आधार नसतं, त्यामुळे घरबसल्या अंगठा देऊन होणारी ऑनलाइन नोंदणी अडकते. करार कंपनीच्या नावाने करा, सही तुमच्या अधिकाऱ्याची. लॉक-इन मालकाला लागू ठेवा; भाडेकरूची बदली झाली तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटका, हे कलम पहिल्या मसुद्यातच घाला. आणि बाणेरहून वाकडला घर बदललं तर नुसता पत्ता बदलत नाही, पोलीस आयुक्तालयही बदलतं. पिंपरी-चिंचवडचं 15 ऑगस्ट 2018 पासून वेगळं आहे.

तर तुमची तीन कुटुंबं. मुलांचं जर्मन कुटुंब: शाळा हिंजवडीला मिळाली तर बाणेरच्या आतल्या गल्ल्या किंवा औंध. आयबी शाळा साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, तेव्हा जूनमध्ये नवऱ्याला एकट्याला बोलवा, सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये ठेवा, कुटुंब जुलैअखेर येऊ दे. जून-जुलैत पालख्या देहू-आळंदीहून पुण्यात येतात त्या दिवसांत सामानाचा कंटेनर मागवू नका, रस्ते बंद असतात. मुलं नसलेलं जोडपं: कोरेगाव पार्क किंवा बोट क्लब रोड, गल्ली आतली, मजला वरचा. जपानी कुटुंब: औंध, डीपी रोडपासून चालत जाता येईल असं. बाणेरचं ज्युपिटर हॉस्पिटल जवळ पडेल आणि बाळाला बाबागाडीतून बाहेर नेता येईल. तिथे तिसऱ्या मजल्यावर, जनरेटरच्या विरुद्ध बाजूचं घर बघा. त्यांना लुक-सी ट्रिपला, म्हणजे राहायला येण्याआधी शहर आणि घरं बघून जायला, बोलवाल तेव्हा दोघांनाही बोलवा, नुसत्या नवऱ्याला नको. तिकिटाचे पैसे वाचवायचे म्हणून कंपनी नेमकं तेच करते. अंड्यांसाठी सुटे शंभर मी आणेन.